हुशारी रक्तात असते का?

दहावीचा निकाल लागला की कोकणात चार दिवस एकच वाक्य ऐकू येतं, "आमच्याकडची पोरं मुळातच हुशार." बातमी खरी आहे. राज्य मंडळाचा कोकण विभाग म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे, आणि हा विभाग वेगळा झाल्यापासून दहावीच्या निकालात राज्यात पहिला येत आला आहे. १३ मे २०२५ ला लागलेल्या निकालात राज्याचं प्रमाण ९४.१० टक्के होतं आणि कोकणचं ९८.८२. याचा आनंद मलाही होतो. आक्षेप आहे तो पुढच्या स्पष्टीकरणाला. इथलं पाणीच तसं, इथलं रक्तच तसं, खाण तशी माती.

याच मंडळाचे आकडे थोडे मागे जाऊन पाहा. २०१९ मध्ये कोकणचा निकाल ८८.३८ टक्के होता, २०२० मध्ये ९८.७७. राज्याचा तर ७७.१० वरून ९५.३० वर गेला. एका वर्षात कोणाचं रक्त बदललं? बदलली होती गुण देण्याची पद्धत. शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काही विषयांत २०१९ ला काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. निकालाची टक्केवारी म्हणजे मेंदूचं मोजमाप नव्हे, एवढं तरी यावरून कळावं.

हा समज गप्पांपुरताच राहिला असता तर मी लिहायला बसलो नसतो. पण त्याची दुसरी बाजू जास्त त्रासदायक आहे. "आमच्या घराण्यातच गणित नाय हो, हिला कुठून येणार," असं आठवीतल्या मुलीसमोर तिचे वडील सांगतात, आणि ती मुलगी ते मुकाट ऐकून घेते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून, हे तिच्या मनात कायमचं बसतं. याच भीतीवर आता एक धंदा उभा राहिला आहे. मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेऊन त्याची 'जन्मजात बुद्धिमत्ता' आणि 'योग्य करिअर' सांगणाऱ्या, डीएमआयटी नावाच्या चाचण्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत. हजारो रुपये मोजून आईवडील रंगीत अहवाल घरी आणतात. याला शास्त्रीय आधार काडीचाही नाही. बोटांवरच्या रेषा गर्भात साधारण दहाव्या आठवड्यापासून उमटायला लागतात आणि जनुकांबरोबरच गर्भातल्या बारीकसारीक योगायोगांवरही त्यांचं वळण ठरतं. म्हणून तर एकाच बीजांडापासून झालेल्या, जनुकं तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. त्या ठशांतून जन्मजात बुद्धी वाचता येत असेल, तर या दोघांच्या जन्मजात बुद्धीचं काय करायचं?

जनुकांचा बुद्धीशी संबंध नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. संबंध आहे आणि तो चांगला घट्ट आहे. जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांतल्या २,७४८ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. उंचीपासून स्वभावापर्यंत १७,८०४ गुणधर्मांची सरासरी आनुवंशिकता ४९ टक्के निघाली. गाडी घसरते ती या '४९ टक्के'वर. माझी अर्धी बुद्धी आईवडिलांनी दिली आणि अर्धी शाळेने, असा त्याचा अर्थ लोक लावतात. हा आकडा एका माणसाचा नसतोच. एका विशिष्ट गटात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो.

हापूसवरून हे चटकन समजतं. देवगडच्या एखाद्या बागेत शंभर झाडं आहेत, सगळी एकाच मातृवृक्षाच्या काड्यांची कलमं. वर फळ धरणाऱ्या भागाची जनुकं एकच. तरी एका झाडाचं फळ पेटीत वर लावण्यासारखं आणि दुसऱ्याच्या फळात साका, म्हणजे गराचा पांढरट, स्पंजासारखा बिघाड. या फरकात हापूसच्या जनुकांचा वाटा शून्य. ऊन, उतार, कातळावर किती माती आहे, खतपाणी, वारा यांचाच तो खेळ. आता दुसरी बाग घ्या. माती एकसारखी, खत मोजून सारखं, पण झाडं हापूस, पायरी, केसर, रत्ना अशी मिसळ. इथे फळाफळांतला जवळजवळ सगळा फरक जातीचा, म्हणजे जनुकांचा. आनुवंशिकता एका बागेत शून्य, दुसरीत शंभराच्या घरात. आणि अशाच दोन मिसळ बागा घेऊन एकीला खत घातलं, दुसरीला घातलंच नाही, तर दोन्ही बागांच्या आत आनुवंशिकता भरपूर असूनही बागाबागांतला फरक मात्र निव्वळ खताचा असेल. रिचर्ड लेवाँटिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७० साली बियाण्यांचं उदाहरण घेऊन हाच मुद्दा मांडला होता. कोकण विभाग आणि इतर विभाग यांची तुलना करताना 'रक्त' मध्ये आणणाऱ्यांनी तो जरूर समजून घ्यावा.

माणसांतही हे दिसलं आहे. मानसशास्त्रज्ञ एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचे बुद्ध्यंक तपासले. सुस्थितीतल्या घरांत मुलांमधला बहुतेक फरक जनुकांशी जुळत होता, अतिशय गरीब घरांत जनुकांचा वाटा शून्याजवळ आला. पुढे युरोपातल्या अभ्यासांत हा फरक तितका दिसला नाही. तिथे गरिबांनाही शाळा आणि दवाखाना बऱ्यापैकी मिळतो, हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

आनुवंशिक म्हणजे न बदलणारं, हेही खरं नाही. फेनिलकीटोन्यूरिया हा आजार शंभर टक्के जनुकीय आहे. नॉर्वेच्या असब्यॉर्न फोलिंग यांनी तो १९३४ साली ओळखला. एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, जनुक दोन्ही पालकांकडून सदोष आलं की अन्नातलं फेनिलअलानिन हे द्रव्य शरीरात साचतं आणि मुलाचा मेंदू कायमचा अधू होतो. जन्मानंतर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन आजार वेळीच ओळखला आणि ते द्रव्य आहारात मोजूनमापून दिलं, तर तेच मूल शाळेत जातं, शिकतं. दोष जनुकात आणि उपाय ताटात.

इथवरचं बरंचसं वाचनात येतं. मला खरं सांगायचं आहे ते पुढचं, कारण 'जनुकं की संस्कार' हा प्रश्नच त्यापुढे लटका पडतो. जनुकं म्हणजे जन्माच्या वेळी एकदाच मिळालेला वारसा, असं आपण धरून चालतो. पण ती शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहेत, आणि रोज, या क्षणीही, कामाला लागतात किंवा थांबतात. त्यांना कामाला लावणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे अनुभव.

हे उलगडलं ते एका समुद्री गोगलगाईमुळे. तिचं नाव ॲप्लिसिया. शिंपला अंगाच्या आत दडलेला, डोक्यावर सशाच्या कानांसारखे दोन उंचवटे, म्हणून तिला समुद्री ससा असंही म्हणतात. प्रयोगातली जात कॅलिफोर्नियाची, पण तिचे भाऊबंद आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकाळ भागातही सापडतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, हिच्याकडे जेमतेम २०,०००. त्यातल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांना दिसतात. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी म्हणूनच ती निवडली, आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं.

तिच्या अंगावरच्या पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला, म्हणजे श्वास घेण्याचा अवयव, थोडा आत ओढते. शेपटीला एक विजेचा झटका दिला, की त्यानंतर साध्या स्पर्शानेही ती कल्ला जोरात ओढते. ती घाबरायला शिकली. एका झटक्याची आठवण काही मिनिटं टिकते. चार-पाच झटके मधे अंतर ठेवून दिले, तर आठवण दिवसभर आणि त्याहून जास्त टिकते. फरक पडतो कुठे?

कँडेल यांच्या गटाने एक स्पर्श ओळखणारी चेतापेशी आणि एक स्नायू हलवणारी चेतापेशी काचेच्या बशीत जोडून वाढवली. झटक्याच्या जागी सेरोटोनिन या रसायनाचा एक फवारा दिला. पहिल्या पेशीत चक्रीय एएमपी हा रेणू वाढला, त्याने प्रोटीन कायनेज ए हे विकर जागं केलं, पोटॅशियम बाहेर जाण्याच्या वाटा थोड्या आखडल्या, संदेश लांबला, जास्त कॅल्शियम आत आलं आणि दोन पेशींमधल्या सांध्यात, म्हणजे सिनॅप्समध्ये, जास्त संदेशवाहक द्रव्य सांडलं. सांधा तात्पुरता मजबूत झाला. या सगळ्यात नवं काहीच बांधलं गेलं नाही, होतं तेच जास्त जोराने चाललं.

पाच फवारे अंतराने दिले की मात्र तेच विकर पेशीच्या केंद्रकात शिरतं. तिथे क्रेब-१ नावाचं प्रथिन असतं, ते जागं होतं, डीएनएच्या ठराविक जागी काम सुरू करतं आणि काही जनुकं चालू होतात. त्यांच्यापासून नवी प्रथिनं बनतात आणि पेशीला नवे सांधे फुटतात. दीर्घकाळ शिकवलेल्या गोगलगाईत हे सांधे मोजले, तर ते दुपटीच्या आसपास गेलेले होते. प्रथिनं बनू न देणारं औषध दिलं, तर काही मिनिटांची आठवण शाबूत राहते आणि टिकाऊ आठवण होतच नाही.

त्यातही एक बारकावा आहे, आणि तो मला सर्वांत सुंदर वाटतो. क्रेब-२ नावाचं दुसरं प्रथिन ही जनुकं दाबून धरतं, म्हणजे ब्रेक लावून बसलेलं असतं. अंतराने पुन्हापुन्हा आलेला संदेश तो ब्रेक काढतो. १९९५ साली हा ब्रेक प्रयोगात निकामी केला, तेव्हा एकाच फवाऱ्याने टिकाऊ बदल झाला. प्रत्येक किरकोळ गोष्ट कायमची लक्षात राहू नये, याची सोय पेशीतच आहे. बरं, केंद्रकातून निघालेला माल पेशीच्या सगळ्या फांद्यांकडे जातो, मग मजबूत तेवढाच सांधा का होतो? कारण अनुभव आलेल्या सांध्यावर आधीच रासायनिक खूण पडलेली असते, आणि खूण असलेला सांधाच तो माल वापरतो. १९९७ साली गोगलगाईच्या पेशींत आणि उंदराच्या मेंदूच्या कापांत, दोन्हीकडे हे दिसलं. क्रेबची हीच यंत्रणा फळमाशीत सापडली, उंदरात सापडली.

म्हणजे शिकणं हीच जनुकं चालू करण्याची क्रिया आहे. पाढे घोकणाऱ्या मुलाच्या डोक्यात 'संस्कार' 'निसर्गा'ला हाताशी धरून सांधे बांधत असतो. त्यातून किती टक्के कोणाचं, हा हिशोब एका डोक्यासाठी मांडता येत नाही. मात्र डीएनएचा मजकूर यात बदलत नाही, त्यातला कोणता भाग वाचला जातो ते बदलतं. 'विचारांनी डीएनए बदला' म्हणणाऱ्या शिबिरवाल्यांना यातून पुरावा मिळाला, असं कोणी समजू नये. 'मनात आणलं की काहीही शक्य' हाही त्याच बाजारातला माल. बुद्धी वाढू शकते असं विद्यार्थ्यांना सांगून काय होतं, हे अमेरिकेत सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर तपासलं गेलं. २०१९ च्या त्या निष्कर्षानुसार अभ्यासात मागे असलेल्यांचे गुण चार अंकांच्या श्रेणीत सरासरी ०.१ ने वाढले. वाढ खरी, पण एवढीच.

गोगलगाईकडून घ्यायची गोष्ट आहे ती अंतराची. फळमाश्यांना एका वासाची धास्ती घ्यायला दहा वेळा सलग शिकवलं तर टिकाऊ स्मृती होत नाही, तेच दहा पाठ मधे विसावा देऊन शिकवले की होते. माणसांवरच्या प्रयोगांतही विखुरलेला अभ्यास एकरकमी अभ्यासापेक्षा जास्त टिकतो. गणपतीत, दिवाळीत, शिमग्यात पुस्तक बंद आणि फेब्रुवारीत रात्रभर जागरण, या पद्धतीत झोपही जाते, आणि स्मृती पक्की होण्याचं बरंच काम झोपेतच होतं. 'घराण्यात गणित नाही' म्हटलं गेलेल्या त्या मुलीने रोज अर्धा तास गणित केलं आणि तेच प्रकार आठवड्याने, महिन्याने पुन्हा सोडवले, तर तिच्या पेशीही हाच नियम पाळतील. ती गणितज्ञ होईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. तिचं गणित आजच्यापेक्षा सुधारेल, हे सांगू शकतो.

हे वय सरलेल्यांनाही लागू आहे. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवायला सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, त्यात तीन-चार वर्षं जातात. मेंदूशास्त्रज्ञ एलेनॉर मॅग्वायर यांच्या गटाने अशा ७९ प्रौढ उमेदवारांच्या मेंदूच्या प्रतिमा आधी घेतल्या, आणि त्यांतले जे परत आले त्यांच्या नंतर पुन्हा घेतल्या. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. ३९ जण उत्तीर्ण झाले, आणि हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागाचा मागचा हिस्सा फक्त त्यांच्यात वाढलेला दिसला. त्यांनी आठवड्याला सरासरी ३४ तास अभ्यास केला होता, नापास झालेल्यांनी साधारण १७. त्या चिकाटीत जनुकांचाही हात असू शकतो, ही शक्यता संशोधकांनीच नोंदवली आहे. पण सुरुवातीच्या प्रतिमांत आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत पुढे पास होणारे आणि नापास होणारे वेगळे ओळखता येत नव्हते.