मराठवाड्याची गावओढ : काही पार्श्वभूमी

परभणीविषयी दोन म्हणी मराठवाड्यात सर्रास ऐकू येतात. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही एक आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही दुसरी. पहिलीत, कुठेच जमले नाही तर परतायचे ठिकाण म्हणून गावाची थट्टा आहे; दुसरीत कशाचाही हिशेब न ठेवता मारलेली बढाई आहे; आणि दोन्ही म्हणी परभणीकरच हौसेने सांगतात. बाहेरच्या माणसाने पहिली म्हण ऐकवली तर मात्र ती त्यांना झोंबते. आपल्या भागाविषयी कुरकुर करायची ती आपणच, ही वृत्ती सगळीकडे असते. पण मराठवाड्यात तिला जी धार आहे ती गेल्या शंभर वर्षांच्या घडामोडींतून आलेली आहे.

मुळात ‘आम्ही मराठवाड्याचे’ ही जाणीव महाराष्ट्र राज्याच्या आधीची आहे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातले मराठी भाषक जिल्हे. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. त्यामुळे मराठीतून शिकायचे तर हिप्परगा, अंबाजोगाई, सेलू अशा ठिकाणच्या खासगी शाळांचा आधार घ्यावा लागे. या शाळा जितक्या अक्षरओळखीच्या होत्या तितक्याच राजकीय जागृतीच्या होत्या. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. त्यांचा स्वतःचा जन्म विजापूर जिल्ह्यातला, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. गावाचा अभिमान शिकवणारी माणसे पुष्कळदा दुसऱ्या मुलखातून आलेली होती.

१९४७-४८ या काळात रझाकारांच्या दहशतीमुळे सरहद्दीलगतच्या अनेक गावांतील कुटुंबांनी घरे सोडून बार्शी, सोलापूर, उमरखेड अशा संस्थानाबाहेरच्या ठिकाणी आसरा घेतला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि ही कुटुंबे परतली. त्यानंतरच्या आठवड्यांत गाव सोडण्याची वेळ मुसलमानांवर आली. या काळातील हिंसाचाराच्या पाहणीसाठी केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांमध्ये उस्मानाबाद आणि नांदेड यांचा समावेश केला होता. हा अहवाल कित्येक दशके उघड झाला नाही. मुक्तिदिनाच्या भाषणांत पहिली हकीकत दरवर्षी येते, दुसरी क्वचितच येते, आणि घरांमधून मात्र दोन्ही सांगितल्या जातात. एकाच गावाविषयी दोन शेजाऱ्यांच्या आठवणी इतक्या वेगळ्या का, याचे एक कारण येथे आहे.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. हे विलीनीकरण बिनशर्त होते, असे येथील जुनी माणसे आजही सांगतात, आणि त्या शब्दात अभिमान व रुसवा दोन्ही असतात. १९५३ च्या नागपूर करारातील समतोल विकासाची आश्वासने, १९७४ मधले विद्यार्थ्यांचे विकास आंदोलन, प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल आणि त्यातून रुजलेला ‘अनुशेष’ (राहून गेलेला विकास) हा शब्द, या सगळ्यांमुळे मागासलेपण हाच प्रदेशाच्या ओळखीचा भाग बनला. माझ्या मते यात एक तोटाही झाला: आपल्या गावाविषयी बोलताना आपल्याकडे काय नाही, याचीच यादी आधी ओठांवर येते.

गावाची ओढ सर्वांना सारखी नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि दोनच वर्षांत, १९५० मध्ये, औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. खेड्यापाड्यांतून तेथे शिकायला आलेल्या दलित मुलांसाठी शहर ही सुटकेची वाट होती. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि त्यानंतर गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. या साडेपंधरा वर्षांत ज्यांनी गाव सोडले त्यांच्यापैकी अनेकांनी परतीचा विचारच केला नाही. ‘माझं गाव’ असा निबंध शाळेत सर्वांना एकच दिला जातो. तो लिहिताना कोणाला काय गाळावे लागते, हे शिक्षकाला ठाऊक असतेच असे नाही.

गाव आणि जागा यांची फारकत सर्वांत ठळकपणे दिसते ती लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या भूकंपग्रस्त पट्ट्यात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. येथील घरे माळवदाची: दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि फळ्या, आणि वर गावठाणातल्या पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकायची. जुना थर काढला जात नसे, त्यामुळे छत दरवर्षी जड होई. उन्हाळ्यात गार राहणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रतिष्ठेचे मानलेले हे घरच अंगावर कोसळले.

यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली, रस्ते सरळ आणि रुंद आखले गेले, आणि गावाने जुन्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त जागा व्यापली. सुरक्षिततेच्या दृष्टीने याला तोड नव्हती. पण जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती. बोळातून जाताना तीन घरांची विचारपूस होई, आणि भावकी एका हाकेच्या अंतरावर असे. नव्या वसाहतीत घरे सुटी झाली, म्हाताऱ्यांना देवळापर्यंतचे अंतर जड वाटू लागले, आणि शेत पूर्वीपेक्षा लांब पडले. पुष्कळांनी काँक्रीटच्या घरापुढे पत्र्याचा आडोसा उभारून चूल तेथे मांडली आणि निजणेही तेथेच पसंत केले, कारण डोक्यावरच्या छताची धास्ती वर्षानुवर्षे गेली नव्हती. जुन्या घराची आठवण काढणारी माणसे त्या घरात परत राहायला मात्र तयार नव्हती. भूकंपानंतर जन्मलेल्यांना हा गुंता नाही; त्यांच्या लेखी क्रमांक घातलेल्या गल्ल्यांचे गाव हेच मूळ गाव आहे.

जायकवाडीची गोष्ट याहून जुनी, पण तिच्याविषयी कमी लिहिले गेले. १९६५ मध्ये पायाभरणी आणि १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणामुळे मराठवाड्याचा मोठा भाग पाण्यासाठी नाथसागर या त्याच्या जलाशयावर विसंबला; ज्यांची घरे त्याखाली गेली त्यांच्या वाट्याला दुसऱ्या गावच्या शिवारातले पुनर्वसन आले.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांना कायमचे विस्थापित म्हणता येत नाही आणि कायमचे रहिवासीही म्हणता येत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोयत्यावर जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. १९७२ च्या दुष्काळानंतर या स्थलांतराला वेग आला आणि आता तिसरी पिढी त्यात आहे. गावच्या जत्रा आणि लग्ने टोळ्या परतण्याच्या वेळेशी जुळवून घेतली जातात. वर्षातला निम्मा काळ उसाच्या फडाशेजारच्या कोपीत काढणारा माणूस हातात पैसा आला की बांधकाम काढतो ते मात्र गावच्याच जागेवर, जरी त्या घराला निम्मे वर्ष कुलूप राहणार असले तरी.

पुण्याकडे गेलेल्यांचे वेगळे नाही. चाकण, भोसरी, हिंजवडी या भागांत नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांचे मतदार यादीतले नाव अजून गावीच आहे, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की दोन्ही पॅनेलचे उमेदवार आधी पुण्यातल्या मतदारांची यादी काढतात व त्यांना आणण्यासाठी गाड्या ठरवतात. पाच-पन्नास मतांनी सरपंच ठरणाऱ्या गावात हा खर्च कोणालाच जास्त वाटत नाही.