हुकूम हातातून निघत नाही

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे. पायघोळ झग्यातला धिप्पाड माणूस, पुढे पसरलेले हात आणि त्या हातांखाली मागे कललेली एक बाई. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली तिथे उभा राहिला. शिल्प जबरदस्त आहे, पण बघणाऱ्याला वाटतं की त्या बोटांतून काहीतरी निघून बाईच्या अंगात शिरतंय. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या गोमंतकीय पाद्रीने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करताना नेमकं याच्या उलट सांगितलं होतं.

विज्ञानकथेत हाच देखावा पुन्हा पुन्हा येतो. कुणीतरी एक सांकेतिक शब्द उच्चारतं आणि समोरचा माणूस बाहुल्यासारखा चालू लागतो. अशा कथेमागचा प्रश्न मात्र खरा आहे: आपल्या आत चलती कुणाची? जाणिवेची, विवेकाची, की न विचारताच घडणाऱ्या क्रियांची?

फारियाच्या आधी मेस्मर नावाचा वैद्य म्हणत असे की माणसामाणसांत एक अदृश्य चुंबकी द्रव वाहतो आणि त्याने रोग बरे होतात. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए तिच्यात होते. बागेतल्या एका झाडाला 'चुंबकत्व' देऊन बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून झाडांपाशी नेलं. तो चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला, आणि ते झाड चुंबकत्व दिलेलं नव्हतंच. समितीने द्रव नाकारला आणि हा सगळा कल्पनाशक्तीचा खेळ म्हणून विषय मिटवला. फारियाने तिथूनच सुरुवात केली. १८१३ पासून तो पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागला. समोरच्याला खुर्चीत निवांत बसवायचं, डोळे मिटून झोपेचाच विचार करायला सांगायचं आणि मग एकदम हुकूम: 'झोपा!' तो म्हणे, ही झोप आणणारी शक्ती झोपणाऱ्याच्याच मनात असते. यावरचं त्याचं पुस्तक १८१९ साली निघालं आणि त्याच वर्षी तो वारला.

मनात मुळात न विचारता घडणारं किती असतं, हे घरच्या टेबलावर मोजता येतं. मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूपने १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचं हे छोटं रूप. लाल, निळा, हिरवा आणि काळा अशी चार स्केचपेनं घ्या. पिवळं नको, पांढऱ्या कागदावर ते दिसत नाही. पहिल्या कागदावर या रंगांचे वीस चौकोन काढा. दुसऱ्यावर रंगांची नावं वीस वेळा लिहा, पण प्रत्येक नाव भलत्याच रंगात: 'लाल' निळ्याने, 'हिरवा' काळ्याने. तिसऱ्यावर वाचणाऱ्याला अजिबात न येणाऱ्या लिपीतले शब्द, समजा कन्नड, याच चार रंगांत उतरवा. आता शब्द न वाचता फक्त शाईचा रंग मोठ्याने सांगायचा. चुकलं तर तिथेच सुधारायचं, आणि मोबाइलवर वेळ मोजायची.

दुसरा कागद रडवतो. स्ट्रूपच्या मूळ प्रयोगात शंभर चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले, आणि शंभर विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०.३. कन्नड न येणाऱ्याला तिसरा कागद मात्र जवळजवळ चौकोनांइतकाच सोपा जातो. गोव्यात आणखी एक गंमत करून बघता येते: शब्द कोकणीत लिहा, 'तांबडो', 'पाचवो', 'निळो', आणि उत्तर मराठीत द्यायला सांगा. अडखळणं राहतं, फक्त सहसा थोडं कमी होतं.

प्रयोग बिघडतो तो बहुधा डोळ्यांमुळे. हुशार मुलं डोळे बारीक करून अक्षरं धूसर करतात किंवा शब्दाच्या एका टोकाकडेच बघतात, आणि वेळ फसवी उतरते. तोच कागद चार वेळा दिला तर क्रम पाठ होतो. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यासाठी हिरव्याऐवजी दुसरं पेन घ्या.

लेखनकला पाच हजार वर्षांच्या आसपासची, म्हणजे वाचन ही जन्मजात सहजप्रवृत्ती असूच शकत नाही. ते बालवाडीत गिरवून येतं. तरीही पुढे इतकं अंगात मुरतं की विवेक 'वाचू नको' म्हणत असतानाही डोळे वाचतातच. म्हणून सहजप्रवृत्ती एका खोलीत आणि विवेक दुसऱ्या खोलीत, ही विज्ञानकथेतली मांडणी मला पटत नाही. भावना काढून टाकलेला, निव्वळ तर्काने चालणारा माणूसही तसाच न पटणारा. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा होऊन भावना बोथट झालेल्या रुग्णांचा अभ्यास मेंदूतज्ज्ञ अंतोनियो दमासियो यांनी केला. एकाची बुद्धी शाबूत होती, पण भेटीच्या दोन तारखांतली एक निवडायला तो जवळजवळ अर्धा तास फायदे-तोटे मोजत बसला.

आता फारियाकडे परत. २००२ मध्ये मेंदूसंशोधक अमीर राझ आणि सहकाऱ्यांनी सहज संमोहित होणाऱ्या माणसांना सूचना दिली: तुम्हाला दिसतील ती अनोळखी भाषेतली निरर्थक चिन्हं असतील, तुम्ही फक्त रंग ओळखा. मग संमोहनातून बाहेर आणून, नेहमीच्या जागेपणी स्ट्रूपची चाचणी घेतली. त्यांचं अडखळणं नाहीसं झालं. जन्मभर वाचलेली स्वतःचीच लिपी त्यांच्यासाठी आपल्या तिसऱ्या कागदासारखी झाली. सूचना फारशी न लागणाऱ्यांवर काही परिणाम झाला नाही. ते डोळे तर बारीक करत नसतील, ही शंका संशोधकांनाही आली. त्यांनी डोळ्यांत थेंब घालून नजर जवळ-दूर करणारा स्नायू काही काळ थांबवला आणि चाचणी पुन्हा घेतली. परिणाम टिकला.

२००६ मध्ये याच गटाने आणखी एक पाऊल टाकलं. त्यांनी संमोहनाचा विधी पूर्ण वगळला आणि तशाच माणसांना जागेपणीच तीच सूचना दिली. तरीही अडखळणं कमी झालं.