इंडिपेंडंट मतदार (अमेरिकन निवडणुका)

स्वतःला रिपब्लिकनही म्हणवत नाहीत आणि डेमोक्रॅटही म्हणवत नाहीत, ते अमेरिकेतले इंडिपेंडंट मतदार. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप या संस्थेच्या सर्व्हेत 2023 साली असे 43 टक्के निघाले, म्हणजे दोन्हींपैकी कुठल्याही एका पार्टीपेक्षा जास्त. पण आकडा बघून हुरळून जायला नको, कारण त्यांनाच "बरं, पण कल कुणाकडे?" असं विचारलं की बहुतेक जण एका बाजूचं नाव घेतातच, आणि मतही सहसा तिकडेच टाकतात. खरोखर कुंपणावरचे उरतात ते एकूण लोकांमध्ये साधारण दहातला एक, आणि त्यांचं राजकारणाकडे लक्षच कमी असतं. तरी अटीतटीच्या राज्यात तेवढ्यांवरच सीट येते नाहीतर जाते.

अशा ठिकाणी उमेदवाराने किती फरक पडतो ते बघायचं तर जॉर्जिया राज्य, 2022. एकाच दिवशी रिपब्लिकन पार्टीचे दोन मोठे उमेदवार उभे, गव्हर्नरपदाला ब्रायन केम्प आणि सिनेटला माजी फुटबॉलपटू हर्शेल वॉकर. केम्प सात टक्क्यांहून जास्त फरकाने आरामात आले, वॉकरना मात्र त्यांच्यापेक्षा सुमारे 2 लाख मतं कमी पडली आणि कुणालाच 50 टक्के न मिळाल्याने डिसेंबरमध्ये रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत पुन्हा मतदान झालं, त्यात ते डेमोक्रॅट राफेल वॉर्नॉककडून हरले. पार्टी तीच, महागाईवरचा रागही तोच. पण केम्प कारभार केलेला माणूस, 2020 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचा निकाल फिरवायला नकार देऊन ट्रम्पना अंगावर घेतलेला, आणि वॉकर आधी कधी कुठल्या पदावर निवडून आलेले नव्हते, त्यात प्रचारात खासगी आयुष्यातली प्रकरणं एकामागून एक बाहेर येत राहिली. त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरमध्ये तर रिपब्लिकन गव्हर्नर सुनुनू आणि डेमोक्रॅट सिनेटर हॅसन दोघंही सहज जिंकले.

गोची प्रायमरीत होते, म्हणजे पार्टीचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत. क्लोज्ड प्रायमरी असलेल्या राज्यांत इंडिपेंडंटना तिथे मतच नसतं, मग कट्टर लोकांना खूश करून तिकीट मिळतं आणि तेच बोलणं नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत (जनरल इलेक्शनमध्ये) अंगाशी येतं.

प्रचाराचं म्हणाल तर पैसा ओततात तेवढी मतं फिरत नाहीत. कॅला आणि ब्रुकमन या संशोधकांनी 2018 मध्ये 49 प्रयोग एकत्र तपासले, तर जनरल इलेक्शनमध्ये जाहिराती, फोन, पत्रकं यांनी मत बदलण्याचं प्रमाण सरासरी शून्याच्या आसपास निघालं. अपवाद एक म्हणजे समोरच्या उमेदवाराची भूमिका लोकांना फारच नावडती असेल आणि ती नेमक्या मतदाराला दाखवून दिली तर, म्हणजे इथेही शेवटी उमेदवारच आला. दारोदारी जाण्याचा उपयोग वेगळा, 1998 मध्ये न्यू हेवन शहरात गर्बर आणि ग्रीन या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात समोरासमोर बोललेल्यांचं मतदान स्पष्ट वाढलं, फोनने मात्र काही हललं नाही.