डक्ट (निवासी इमारतींतील)

बहुमजली इमारतीत तळापासून गच्चीपर्यंत सोडलेली अरुंद मोकळी जागा. संडास-बाथरूमच्या खिडक्या तिच्यात उघडतात. सांडपाण्याचे पाइप तिच्यातूनच उतरतात. वातानुकूलनाचे पत्र्याचे डक्ट ठाणे-नवी मुंबईत मुख्यतः मॉल, रुग्णालये आणि कार्यालयांत दिसतात. घरोघरी असतो तो स्प्लिट एसी, आणि तो खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. त्यामुळे इथल्या बऱ्याच फ्लॅटांत बाथरूमची हवा खेळती राहणे डक्टवरच अवलंबून असते.

डक्ट वर उघडा आणि खाली हवेला वाट असेल, तर उबदार हवा वर निघून जाते. पावसासाठी वर पत्रा ठोकून बाजूही बंद केल्या की हवा कोंडते. मग एकाच्या एक्झॉस्ट पंख्याने बाहेर टाकलेला वास दुसऱ्याच्या बाथरूममध्ये शिरतो. वास आणि कबुतरे नकोत म्हणून रहिवासी खिडकी कायमची लावून घेतात. आत गॅस गिझर असेल तर हे जिवावर बेतू शकते. अपुऱ्या हवेत गॅस जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो.

कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेल्यास काहींना अतिसंवेदनशीलतेमुळे फुप्फुसदाह होतो. तो लांबला तर फुप्फुसात कायमचे व्रण पडतात. पावसाळ्यात गळक्या पाइपमुळे भिंतीला ओल धरते, बुरशी येते आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. नुसता रंग मारून ती जात नाही, आधी गळती बंद करावी लागते.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे बाथरूमच्या जमिनीतला नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालचा खोलगट भाग. त्यात साठलेले पाणी गटारातील वायू अडवते. मे महिन्यात घर बंद करून गावी गेले की ते सुकते. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत 2003 मध्ये 300 हून अधिक रहिवाशांना सार्स या संसर्गजन्य श्वसनरोगाची लागण झाली. सुकलेल्या ट्रॅपमधून एक्झॉस्ट पंख्यांनी दूषित हवा ओढली आणि ती इमारतीच्या उभ्या पोकळीतून इतर मजल्यांवर पसरली, असे तपासात मानले गेले. न वापरलेल्या बाथरूममध्ये अधूनमधून तांब्याभर पाणी ओतले तरी ट्रॅप भरलेला राहतो.

डक्ट सामाईक असल्याने त्याची सफाई सोसायटीकडे येते; तिथवर पोचायला मात्र अनेकदा कुणाच्या तरी बाथरूमची खिडकीच काढावी लागते, आणि वाद बहुधा तिथेच सुरू होतो.