पार्श्वभूमी : रजिस्टरातला ‘निराश्रित’

ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा-दूधगंगेचं पाणी गावांत शिरलं आणि बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीकडच्या शाळांची ‘गंजी केंद्रं’, म्हणजे पूरग्रस्तांच्या मदत छावण्या, झाली. अशाच एका शाळेच्या व्हरांड्यात नावं लिहून घेणं चाललं होतं. रजिस्टरावर कन्नडमध्ये ‘निराश्रितरु’ असं लिहिलेलं. कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं, तसे रांगेतले एक आजोबा तडकले, “आमी काय निराश्रित हाय व्हय? घर हाय आमचं. पाण्यात हाय, पर हाय!”

लिहिणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. कन्नडमध्ये पुरानं उठवलेला माणूस निराश्रित, आणि परदेशातून जीव वाचवून आलेलाही निराश्रितच. मराठीत मात्र निराश्रित म्हणजे ज्याला कुणीच वाली नाही असा. परदेशातून आलेल्यासाठी आपला शब्द निर्वासित, हिंदीचा शरणार्थी. निर्वासित म्हटलं की कुणीतरी हाकललंय हे आधी कळतं; शरणार्थी म्हटलं की दार ठोठावणारा दिसतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांमुळे ‘निर्वासित छावणी’ मराठीत रुळली. धरणात जमीन गेलेला मराठीत धरणग्रस्त, तर कन्नड कागदावर ‘मुळुगडे संत्रस्त’. सीमाभागातल्या घरात दोन्ही भाषांतले कागद एकाच ट्रंकेत असतात, त्यामुळे एकच माणूस तीन नावांनी सापडतो. त्यात सीमाप्रश्नावरच्या आपल्या भाषणांतलं ‘आपल्याच देशात निर्वासित’ हे पालुपद. त्यामागचं दुखणं खरं आहे, पण १ नोव्हेंबर १९५६ ला माणसं जागची हलली नव्हती, हलली ती राज्याची रेघ.

हा शब्दांचा कीस काढायचं कारण असं, की आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळतं ते शब्दावरच. २८ जुलै १९५१ ला जिनिव्हात झालेल्या करारात निर्वासित ठरायला छळाची सबळ भीती तर हवीच, शिवाय माणूस स्वतःच्या देशाबाहेर हवा. तेव्हा डोळ्यांसमोर होता युद्धानं पिंजलेला युरोप. १ जानेवारी १९५१ च्या आधीच्या घटनांपुरताच तो करार होता. ही मुदत १९६७ च्या पूरक कराराने काढली. ‘देशाबाहेर’ ही अट राहिली. जिथे जिवाला धोका आहे तिथे परत धाडायचं नाही, हा कराराचा कणाही देशाबाहेर पडलेल्यांसाठीच.

भारताने यातल्या कशावरच सही केलेली नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. परदेशी नागरिकांचा १९४६ चा कायदा, आणि २०२५ पासून त्याच्या जागी आलेला नवा, यांतच त्यांना बसवलं जातं. तरीही १९५९ नंतर आलेल्या तिबेटींना जमीन मिळाली, वसाहती मिळाल्या. त्यातली मुंडगोडची वसाहत आपल्या बेळगावच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. साठच्या दशकात जंगलालगत वसलेल्या त्या वस्त्यांचा पत्ता अजून ‘कॅम्प नंबर’ असाच सांगतात. पण हे सगळं सरकारी धोरण, हक्क नव्हे. नोंदणीचा दाखला ठरावीक काळानं नवा करून घ्यावाच लागतो.

आता देशातल्या देशातच उठवलेल्यांकडे येऊ. बेळगाव जिल्ह्यातलं हिडकल घ्या. घटप्रभेवरचं हे धरण १९७७ मध्ये पूर्ण झालं, साठवण सुमारे ५१ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याआधी मलप्रभेवर नविलुतीर्थ झालं होतं. तेव्हा भूसंपादनाला कायदा होता १८९४ चा. त्यात जमिनीचा मोबदला होता, पुनर्वसन हा शब्द नव्हता. ज्याच्या नावावर उतारा, त्याला पैसे. दुसऱ्याच्या रानात राबणारा, बलुतं करणारा, गायरानावर शेरडं चारणारा यांचं त्या कायद्याच्या लेखी काही बुडालंच नव्हतं. माझ्या मते या भागातलं सर्वांत मोठं सक्तीचं विस्थापन हेच, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी. देशभराच्या कायद्यात मोबदल्यासोबत पुनर्वसनही बांधलं गेलं ते २०१३ मध्ये, हिडकलनंतर ३६ वर्षांनी.

जगाच्या पातळीवर या लोकांची दखल १९९८ मध्ये घेतली गेली. देशातल्या देशात उठवल्या गेलेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांत ३० मार्गदर्शक तत्त्वं मांडली गेली. त्यांत आपत्तीनं उठलेलेही येतात, आणि सहाव्या तत्त्वात, सार्वजनिक हिताचं भक्कम कारण नसताना मोठ्या प्रकल्पांसाठी माणसं उठवू नयेत, असंही आहे. तत्त्वंच ती, बंधन कुणावर नाही. आणि ते ‘भक्कम कारण’ आहे की नाही, हे ठरवणार धरण बांधणारंच सरकार. २०२४ अखेर जगभरात सक्तीनं विस्थापित झालेले १२ कोटी ३२ लाख मोजले गेले; त्यांतले ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशात होते. ही मोजणी छळ, संघर्ष, हिंसाचाराची. धरण आणि पूर त्यात नाहीत.

हुन्नूरचं विठ्ठल मंदिर हिडकलच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दगडी बांधकाम उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात. इकडे ‘गंजी केंद्रा’चं नाव बदलून आता ‘काळजी केंद्र’ झालंय. हा शब्द तरी दोन्ही भाषांत एकाच अर्थाचा आहे.