क्रीडाप्रेरणा प्रश्नावली

खेळाडू कशासाठी खेळतो, हे त्याच्याच उत्तरांवरून ठरविणारी मानसशास्त्रीय चाचणी. या प्रकारातील सर्वांत जास्त वापरली गेलेली आणि सर्वांत जास्त वादग्रस्त ठरलेली चाचणी म्हणजे कॅनडातील ‘स्पोर्ट मोटिव्हेशन स्केल’.

या मापिकेचे मूळ रूप फ्रेंच असून ते ब्रिएर व सहकाऱ्यांनी क्वेबेकमध्ये रचले. पेलेटिए, व्हॅलरँड इत्यादींचे इंग्रजी रूप १९९५ मध्ये आले. फ्रेंच रूपाचे प्रकाशनवर्षही तेच दिले जात असले, तरी ते काम अर्थातच आधीचे होय. मानसशास्त्रज्ञ डेसी व रायन यांचा स्वयंनिर्धारण सिद्धांत (माणसाची कृती स्वतःच्या ओढीने होते की बाहेरच्या दबावाने, यावरून प्रेरणेचे प्रकार पाडणारा) हा तिचा पाया आहे. ‘तुम्ही हा खेळ का खेळता?’ या एका प्रश्नाखाली २८ विधाने असून प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे असतात. चार-चार विधानांच्या सात उपमापिका होतात : आंतरिक प्रेरणेच्या तीन (जाणून घेणे, साध्य करणे, थरार अनुभवणे), बाह्य प्रेरणेच्या तीन (बक्षीस वा दडपण, अपराधीपणा टाळणे, खेळ स्वतःला महत्त्वाचा वाटणे) आणि प्रेरणाशून्यतेची एक.

वाद या विभागणीवरच आहे. सिद्धांतात बाह्य प्रेरणेचे चार टप्पे आहेत. खेळ हा आपल्या व्यक्तिमत्त्वाचाच भाग वाटणे हा चौथा टप्पा मूळ मापिकेत नव्हता. आंतरिक प्रेरणेचे तीन प्रकार घटक विश्लेषणात (कोणत्या विधानांचा एक गट होतो हे तपासणाऱ्या सांख्यिकीय पद्धतीत) नीट वेगळे पडत नाहीत, असेही आढळले. खेळ स्वतःला महत्त्वाचा वाटतो म्हणून खेळणे या उपमापिकेचा विश्वसनीयता गुणांक (तिची विधाने परस्परांशी किती सुसंगत आहेत याचे माप) मूळ अहवालातच ०.६३ होता, ०.७० हा सर्वसाधारण निकष धरल्यास तो अपुरा ठरतो. २००७ मध्ये मॅलेट व सहकाऱ्यांनी सहा घटकांची २४ विधानांची आवृत्ती सुचविली. पेलेटिए, व्हॅलरँड व साराझॅं यांनी त्याच वर्षी तिला आक्षेप घेतला. २००८ मध्ये लॉन्सडेल, हॉज व रोझ यांनी न्यूझीलंडच्या खेळाडूंवर आधारित स्वतंत्र प्रश्नावली मांडली. अखेर मूळ गटानेच २०१३ मध्ये १८ विधानांची दुसरी आवृत्ती काढली. तीत चौथा टप्पा आला आणि आंतरिक प्रेरणा एकच धरली गेली. टीकाकारांचे म्हणणे बव्हंशी ग्राह्य होते, असे यावरून म्हणता येते.

मापिकेच्या बाजूचा भक्कम पुरावा पेलेटिए व सहकाऱ्यांच्या २००१ मधील जलतरणपटूंच्या पाठपुराव्यात मिळतो. अपराधीपणा टाळण्यासाठी पोहणारे दहा महिन्यांनंतर टिकून होते. बाविसाव्या महिन्यापर्यंत या कारणाचा प्रभाव ओसरला. बक्षीस वा दडपण यांपोटी पोहण्याचा परिणाम आधी दिसला नाही, नंतर मात्र तो गळतीकडे झुकला. प्रेरणेच्या एकाच बेरजेतून हा फरक कधीच हाती लागला नसता.

एकेका खेळाडूबाबत मात्र सावधगिरी हवी. तीन-चार विधानांच्या उपमापिकेत मापनदोष मोठा असतो. उत्तरे प्रशिक्षकाच्या हाती पडणार हे ठाऊक असेल, तर संघनिवडीच्या तोंडावर बक्षिसाच्या विधानापुढे ७ कोण लिहील? त्यामुळे निवडीसाठी अशा गुणांचा वापर टाळणे इष्ट.

भारतात शारीरिक शिक्षणाच्या प्रबंधांत एम. एल. कमलेश यांची क्रीडासिद्धिप्रेरणा चाचणी रूढ आहे. ती साधारणतः १९९० च्या सुमारासची मानली जाते. तीत २० विधाने असून कमाल गुण ४० असतात. ती यशाची ओढ किती हे पाहते, खेळण्याचे कारण नव्हे. म्हणून तिच्या गुणांची वरील मापिकांशी थेट तुलना करता येत नाही.