कॅलिब्रेशन की अॅडजस्टमेंट? ‘कॅल’ कमांड नेमकं काय करते

मल्टिमीटर (पुढे नुसतं मीटर) कॉम्प्युटरवरून कमांड पाठवून कॅलिब्रेट करायची स्क्रिप्ट लिहायला घेतली की मॅन्युअलमध्ये ‘कॅल’ने सुरू होणाऱ्या कमांड्स दिसतात आणि वाटतं हेच ते, या चालवल्या की काम झालं. घोळ इथेच होतो, कारण या कमांड्स बहुतेक वेळा कॅलिब्रेशन करतच नाहीत, त्या अॅडजस्टमेंट करतात, म्हणजे मीटरच्या मेमरीतले करेक्शनचे आकडे बदलून टाकतात.

कॅलिब्रेशन म्हणजे माहीत असलेली व्हॅल्यू द्यायची, मीटर काय दाखवतो ते टिपायचं, फरक आणि अनसर्टन्टी (त्या मोजमापात किती शंका उरते ते) सांगायची. मीटरमध्ये काहीही बदलायचं नाही. मापनाच्या आंतरराष्ट्रीय शब्दकोशात (व्हीआयएम) कॅलिब्रेशनच्या व्याख्येखालीच टीप आहे की अॅडजस्टमेंटशी याची गल्लत करू नका.

आता ३४४०१ए हा साडेसहा डिजिटचा मीटर घ्या. १० व्होल्ट रेंजचा एक वर्षाचा स्पेक, म्हणजे कंपनीने दिलेली चुकीची मर्यादा, रीडिंगच्या ०.००३५ टक्के अधिक रेंजच्या ०.०००५ टक्के, म्हणजे १० व्होल्टला ४०० मायक्रोव्होल्टची मुभा. कॅलिब्रेटरमधून (अचूक व्होल्टेज देणाऱ्या उपकरणातून) १० व्होल्ट सोडले, आउटपुट सेटल होऊ दिलं, मीटरला ‘रीड?’ पाठवलं, समजा १०.०००१२ आलं. फरक १२० मायक्रोव्होल्ट, स्पेकच्या आत. या पॉइंटचं कॅलिब्रेशन झालं, आणि ‘कॅल’ हा शब्द एकदाही टाइप केला नाही!

अॅडजस्टमेंटला मात्र आधी कुलूप काढावं लागतं, ‘कॅल:सेक्युअर:स्टेट ऑफ’ आणि सोबत सिक्युरिटी कोड, मग फंक्शन-रेंज, मग ‘कॅल:व्हॅल्यू १०’ आणि शेवटी ‘कॅल?’. उत्तर ० आलं तर पास, १ आलं तर फेल. पण हा ० फसवा आहे. मीटर तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो, त्याला १० सांगितलं आणि मीटरच्या वायरवर प्रत्यक्षात १०.००२ होते तरी तो निमूटपणे त्यालाच १० मानतो आणि ० देतो, इनपुट अगदीच भलतं असलं तरच अडतो. म्हणून अॅडजस्ट केल्यावर सगळे पॉइंट पुन्हा मोजायचे, त्याला पर्याय नाही.

आणखी एक, ‘कॅल?’ला वेळ लागतो आणि पायव्हिसाचा (पायथनमधून उपकरणांशी बोलायच्या लायब्ररीचा) डीफॉल्ट टाइमआउट फक्त २ सेकंदांचा. टाइमआउट आला म्हणजे फेल झालं असं नाही, मीटर अजून कामात असू शकतो, आणि तेवढ्यात तुम्ही ‘सिस्ट:एरर?’ (काय एरर आली ते विचारणारी कमांड) धाडलं की आधीचं उत्तर गेलं आणि एरर क्यूमध्ये -४१० क्वेरी इंटरप्टेड. त्या पॉइंटला आकडे बदलले की नाही तेच कळत नाही मग. टाइमआउट आधीच वाढवून ठेवा.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते आधीच्या रीडिंगचं. मी स्वतः एकदा स्क्रिप्ट थेट अनलॉकपासून सुरू केली होती, अॅडजस्टमेंट छान झाली, पण मीटर आला तेव्हा किती चुकत होता हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि वर्षभरात त्याच्यावर घेतलेली मापं ग्राह्य धरायची की नाही हे त्याच आकड्यांवर ठरणार होतं. फार वाईट वाटलं होतं. आयएसओ १७०२५ (कॅलिब्रेशन लॅबसाठीचं स्टँडर्ड) पण अॅडजस्टमेंट केली असेल तर आधीचे आणि नंतरचे दोन्ही रिझल्ट, उपलब्ध असतील तर, सर्टिफिकेटवर मागतं.

आणि ‘*कॅल?’ हे तिसरंच प्रकरण, ज्या उपकरणात ती असते तिथे ती सहसा आतल्या आत होणारी सेल्फ-कॅल, बाहेरचा स्टँडर्ड नाही, त्यामुळे सर्टिफिकेटसाठी तिचा ० कामाचा नाही.

आता मी प्रत्येक रनच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘कॅल:काउंट?’ विचारतो. प्रत्येक अॅडजस्ट केलेल्या पॉइंटला हा आकडा एकाने वाढतो. नुसतं कॅलिब्रेशन केलं असेल तर दोन्ही वेळा तोच आकडा यायला हवा, आणि वाढलेला दिसला की कुणीतरी आत हात घातलाय, स्क्रिप्ट तिथेच थांबते.